बुजलेलें मांजर आणि पिंजरा

आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं कित्येकांना हसूं येईल. मांजर धरणें हा का भाषणाचा विषय आहे, असेंहि कोणी म्हणेल. मांजराच्या गळ्यांत घंटा कोणीं बांधावी हा उंदरांच्या सभेंतला प्रश्न आपण सर्वांनीं लहानपणीं ऐकला आहे, आणि तो उंदरांना सुटला नाहीं हेंहि आपणांस ठाऊक आहे. परंतु हा प्रश्न एकट्या उंदरांचा नाहीं. ज्या मांजराला माणसाचा हात कधीं लागलेला नाहीं, जें आपली चाहूल लागतांच कुंपणापलीकडे जातें, आणि जें एकदां कोणाच्या तरी हातून निसटलेलें आहे, असें मांजर त्याला इजा न होतां व आपणांसहि इजा न होतां पिंजऱ्यांत कसें आणावें, हा प्रश्न चांगल्या शहाण्या माणसांनाहि पडतो. गेल्या माघ महिन्यांत तो कोंकणांतल्या आमच्या आळीला पडला होता. तो कसा सुटला, आणि त्याच्या निमित्तानें मला जें वाचावयास व पाहावयास मिळालें, तें मी आज आपणांस सांगणार आहें.

प्रथम मांजरामांजरांतला भेद ध्यानांत घेतला पाहिजे. घरांत वाढलेलें मांजर एक. घर सुटल्यामुळें रस्त्यावर आलेलें मांजर दुसरें. आणि रस्त्यावर, वखारींत किंवा गोठ्याच्या माळ्यावर जन्मून माणसाच्या सहवासावांचून वाढलेलें मांजर तिसरें. पहिलीं दोन मांजरें प्रसंगीं हातानें उचलतां येतात. तिसऱ्याचा प्रकार अगदीं निराळा आहे. मांजराच्या पिल्लाचा दुसऱ्या आठवड्यापासून सातव्या आठवड्यापर्यंतचा जो काळ, त्यांत त्याला माणसाचा हात व आवाज ओळखीचा झाला तर तें माणसाळतें. हा काळ तसाच निघून गेला, तर पुढें त्याला मनुष्य म्हणजे वाघाइतकाच भयंकर वाटतो. असें मांजर दुष्ट नसतें, कृतघ्नहि नसतें. त्याच्या शिक्षणाचा एक महत्त्वाचा धडा राहून गेलेला असतो, इतकेंच. शिक्षकाच्या पेशांत आयुष्य गेल्यामुळें हा दृष्टांत मला सहज सुचतो.

मांजर आणि मनुष्य यांचा शेजार फार जुना आहे. सायप्रस बेटावर एका माणसाच्या शेजारीं पुरलेलें मांजर संशोधकांना सांपडलें, व त्याची हकीकत २००४ सालीं प्रसिद्ध झाली. तें दफन सुमारें साडेनऊ हजार वर्षांपूर्वींचें आहे. आपल्या घरांतल्या मनीचे पूर्वज म्हणजे आफ्रिका व पश्चिम आशिया या भागांतलीं रानमांजरें, हें आनुवंशिक द्रव्याच्या सूक्ष्म परीक्षेवरून २००७ सालीं दाखविलें गेलें. धान्याच्या कोठारांत उंदीर आले, उंदरांमागून मांजर आलें, आणि मनुष्यानें त्याला राहूं दिलें. कुत्र्याला आपण कामें शिकवलीं. मांजराला फारसें कांहीं शिकवलें नाहीं. त्यामुळें इतकीं हजार वर्षें चुलीजवळ बसूनहि मांजराच्या अंगांतलें रान पुरतें गेलेलें नाहीं, आणि दोन पिढ्या माणसावांचून गेल्या कीं तें पुन्हां वर येतें.

आतां कोणी विचारील, असें मांजर धरावेंच कशाला? त्याचें उत्तर त्याच्या वंशवृद्धींत आहे. मांजराच्या मादीला आपल्याकडे भाटी म्हणतात. भाटी चारपांच महिन्यांची झाली कीं माजावर येऊं शकते. तिचा गर्भकाळ ६३ ते ६५ दिवसांचा, म्हणजे सुमारें नऊ आठवड्यांचा. एका वेतांत बहुधा तीनचार पिल्लें. आणि तीं अंगावर पीत असतांनाच ती पुन्हां गाभण राहूं शकते. थंड देशांत दिवस लहान झाले म्हणजे मांजरांचा माज थांबतो. आपल्याकडे दिवसमानांत तितका फरक पडत नाहीं, म्हणून जवळजवळ बारा महिने पिल्लें होत राहतात. दक्षिण हिंदी महासागरांतल्या मॅरियन नांवाच्या बेटावर १९४९ सालीं उंदरांच्या बंदोबस्तासाठीं पांच मांजरें नेलीं होतीं. १९७७ पर्यंत त्यांचीं सुमारें ३,४०० मांजरें झालीं, आणि बेटावरच्या समुद्रपक्ष्यांचा भयंकर संहार झाला. आपल्या आळींत असा हिशेब जमत नाहीं, कारण येथें जन्मलेलीं पुष्कळशीं पिल्लें सहा महिन्यांचीं होण्यापूर्वींच उपासानें, रोगानें, कुत्र्यांच्या तोंडीं किंवा वाहनाखालीं मरतात. संख्या वाढली तरी दुःख, आणि न वाढली तर तें याच कारणानें.

आमच्या आळीच्या टोकाला एक जुनी लांकडाची वखार होती. तिच्या माळ्यावर एक करडी भाटी राहात असे. दोन वर्षांत तिचीं पांच वेतें झालीं. रात्रीं बोक्यांचीं भांडणें, पहाटे पिल्लांचें रडणें, कौलांवरची पळापळ, यांमुळें आळी त्रासून गेली होती. मागें दोन तरुणांनीं तिला पोत्यांत धरण्याचा प्रयत्न केला. ती एकाच्या मनगटाला चावून निसटली. त्याला जखम धुऊन श्वानदंशाच्या सुया टोंचून घ्याव्या लागल्या, आणि भाटी तेव्हांपासून माणसाला वीस पावलांच्या आंत येऊं देईनाशी झाली. अशांत वखार विकली गेली. शिमगा झाला कीं ती पाडावयाची असें ठरलें. आळीच्या बैठकींत एकानें सुचविलें, वखार रिकामी करतांना तिला पोत्यांत घालून खाडीपलीकडे सोडून यावें. दुसऱ्या एका गृहस्थानें माशांत कांहीं कालवून घालण्याची गोष्ट काढली. मी म्हणालों, शिमग्याला तेवीस दिवस आहेत; तेवढे मला द्यावे. लोकांनीं ते दिले, पण चोविसावा दिवस आपला, हेंहि स्पष्ट सांगितलें.

खाडीपलीकडे सोडणें हें वरवर दयाळूपणाचें वाटतें; तें तसें नाहीं. मांजराचें सगळें ज्ञान त्याच्या जागेशीं बांधलेलें असतें. पाणी कोठें, आडोसा कोठें, कुत्रा कोणत्या वेळीं येतो, हें त्याला आपल्या आळीपुरतेंच माहीत असतें. परक्या मुलुखांत टाकलेलें मांजर तेथल्या मांजरांचा मार खातें, उपाशी राहतें, नाहींतर घराकडे परत येतांना वाटेंत मरतें. इकडे त्याची रिकामी जागा दुसरें मांजर येऊन घेतें, आणि आळीची स्थिति पूर्वपदावर येते. शिवाय उपासमार होईल अशा ठिकाणीं जनावर टाकून देणें आणि त्याला विष घालणें, हीं दोन्हीं कृत्यें १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यानें गुन्हा ठरतात. १९७६ सालीं आपल्या राज्यघटनेंत नागरिकांचीं जीं मूलभूत कर्तव्यें घातलीं गेलीं, त्यांतहि प्राणिमात्रांविषयीं दया बाळगणें हें एक आहे.

मग उपाय कोणता? मांजर धरावें, पशुवैद्याकडून त्याची संततिबंधाची शस्त्रक्रिया करवावी, श्वानदंशाची प्रतिबंधक लस टोंचवावी, आणि बरें वाटतांच त्याला पुन्हां त्याच्या जागीं सोडावें. ही पद्धति १९७० नंतरच्या दशकांत इंग्लंडांत व डेन्मार्कांत रूढ होऊं लागली. इटली देशानें १९९१ सालीं कायदा करून भटक्या मांजरांना ठार मारण्याची मनाई केली व त्यांची शस्त्रक्रिया करून त्यांना जागेवर ठेवण्याची व्यवस्था केली. शस्त्रक्रियेच्या वेळीं मांजर गुंगींत असतांनाच त्याच्या एका कानाचें टोंक, बहुधा डाव्या, अदमासें एक सेंटिमीटर सरळ कापतात. यामुळें दुरूनच ओळख पटते, आणि एकदां शस्त्रक्रिया झालेलें मांजर पुन्हां विनाकारण धरलें जात नाहीं.

हें सर्व ऐकावयास सोपें आहे. अवघड आहे तो पहिला शब्द: धरावें. मांजराला आपल्या कानांनीं सुमारें ८५ हजार कंपनांपर्यंतचे सूक्ष्म आवाज ऐकूं येतात. आपली मजल वीस हजारांवर संपते. पिंजऱ्याच्या बिजागरीची जी कुरकुर आपल्याला ऐकूंहि येत नाहीं, ती त्याला धोक्याची सूचना वाटते. नवी वस्तु दिसली कीं तें थांबतें, वास घेतें, एक दिवस दुरून पाहतें. म्हणून पिंजरा आणला, मासा ठेवला आणि मांजर शिरलें, असें बुजलेल्या मांजराच्या बाबतींत घडत नाहीं. येथें बळाचें काम नाहीं; संवयीचें आहे.

पिंजरा तारेचा, अडीच ते तीन फूट लांब, फूटभर रुंद व सव्वा फूट उंच असावा. त्याच्या एका तोंडाला पडतें दार असतें. आंत दुसऱ्या टोंकाजवळ एक पट्टी असते. तिच्यावर पाय पडला कीं खटका सुटतो व दार पडतें. लहान पिंजरा घेऊं नये. त्यांत मांजराचें शेपूट दारांत येतें, किंवा तें अर्धें आंत असतांना खटका सुटतो व तें मागें उडी मारून पळतें. एकदां असें पळालेलें मांजर पुन्हां लवकर फिरकत नाहीं. बिजागऱ्यांना दोन थेंब खोबरेल घालावें. तळाला गोणपाटाचा तुकडा किंवा वर्तमानपत्र अंथरावें, कारण तारेवर पाऊल टाकणें मांजराला आवडत नाहीं. पिंजरा फिनेलनें मात्र कधीं धुऊं नये. फिनेलांतलें द्रव्य पचविण्याची शक्ति मांजराच्या यकृतांत नसते, आणि तें पायाला लागून चाटलें गेलें तर विषासारखें बाधतें. साबण, पाणी आणि ऊन एवढें पुरें.

आम्हीं पिंजरा एका प्राणिमित्र मंडळाकडून उसना आणला, पण पहिले सात दिवस तो बाहेर काढलाच नाहीं. कोळीणमावशी रोज आमच्या आळींत येतात. त्यांना मीं हकीकत सांगितली तेव्हां त्या म्हणाल्या, "गुरुजी, तिला रोज एकाच वेळीं, एकाच जागीं घाला. आम्ही बाजारांत बसतों तेथें मांजरें घड्याळ बघून येतात." पुस्तकांतूनहि मला तेंच सांपडलें होतें. बांगड्याचीं डोकीं व तारलीचे तुकडे मावशी देत. वखारीच्या मागल्या अंगाला, फणसाखालीं, रोज संध्याकाळीं साडेसहाला मीं वाटी दगडावर तीन वेळां वाजवावी, मासा ठेवावा व मागें न पाहतां निघून यावें. शेजाऱ्यांना हात जोडून विनंति केली होती कीं एवढे दिवस तिला दुसरें कांहीं घालूं नका. हें फार महत्त्वाचें आहे. एका दारीं पिंजरा आणि दुसऱ्या दारीं दूधभात असेल, तर कोणतेंहि शहाणें मांजर दूधभाताकडे जाईल. चौथ्या दिवशीं वाटीचा आवाज होतांच ती कुंपणावर येऊन बसूं लागली.

याच दिवसांत तिचीं पिल्लें पाहून घेतलीं. भाटी धरण्यापूर्वीं हें केलेंच पाहिजे. पिल्लें केवळ अंगावर पिणारीं असलीं आणि आई दोन दिवस बाहेर राहिली, तर तीं मरतात. पिल्लें पांचसहा आठवड्यांचीं होऊन स्वतः खाऊं लागेपर्यंत थांबावें. थांबणें शक्यच नसेल तर आधीं पशुवैद्याला तसें सांगावें, म्हणजे तो तिला लवकरांत लवकर परत देईल. करडीच्या शेवटच्या वेतांतलीं दोन पिल्लें उरलीं होतीं. तीं जवळजवळ सात आठवड्यांचीं होतीं व माशाचे तुकडे ओढून नेत. शेजारच्या काकूंनीं तीं सुपाखालीं सहज धरलीं. पहिले दोन दिवस तीं फुसफुसलीं. पंधरवड्याच्या आंत काकूंच्या पदरांत झोपूं लागलीं. काळ थोडा राहिला होता, पण राहिला होता.

आठव्या दिवशीं पिंजरा फणसाखालीं ठेवला. दार वर करून सुतळीनें पक्कें बांधलें होतें, म्हणजे कांहीं झालें तरी तें पडूं नये. त्या दिवशीं मासा पिंजऱ्यापासून दोन हातांवर ठेवला. भाटी आली, पिंजऱ्याकडे पाहात बसली, आणि काळोख पडल्यावर मासा उचलून गेली. मग रोज वाटी एक वीत पुढें. बाराव्या दिवशीं वाटी पिंजऱ्याच्या तोंडाशीं आली; चौदाव्या दिवशीं तिनें पुढचे दोन पाय आंत टाकले. या कामांत घाई म्हणजे नुकसान. मांजर एक दिवस मागें हटलें तर वाटीहि एक वीत मागें घ्यावी.

पंधराव्या रात्रीं खटका लावला. खटका लावण्यापूर्वीं मांजराला चोवीस तासांपर्यंत उपाशी ठेवतात. त्याहून अधिक ठेवूं नये, व पाणी नेहमीं असावें. पिंजरा लावून झोपावयास जाऊं नये, हा नियम तर मोडूंच नये. अडकलेलें मांजर तारेवर तोंड आपटून घेतें, कुत्रीं येतात, पाऊस किंवा ऊन लागतें. मी पडवींत दिवा मालवून बसलों होतों. नऊच्या सुमारास दार पडल्याचा आवाज झाला. जाऊन पाहतों तों आंत एक उदमांजर! आंब्याफणसाच्या मुलुखांत हें व्हावयाचेंच. उदमांजर, रानमांजर, मुंगूस हे वन्य प्राणी आहेत. १९७२ च्या कायद्यानें त्यांना संरक्षण आहे. असा प्राणी आला तर त्याला तेथल्या तेथें, दार वर करून व आपण मागें उभें राहून, सोडून द्यावें. तें आम्हीं केलें. परंतु कुंपणावर बसून करडीनें सर्व पाहिलें होतें. पुढले दोन दिवस वाटी वाजली, पण ती आली नाहीं. आतां सहा दिवस उरले होते, आणि पोत्याची गोष्ट पुन्हां कानांवर येऊं लागली होती.

ज्या मांजरानें पिंजऱ्याचें दार पडतांना पाहिलें आहे त्याच्यासाठीं दुसरी एक युक्ति आहे, ती ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. तिला बोगदा नको, दार नको, पायाखालची पट्टी नको. तीन फूट लांब, तीन फूट रुंद व सव्वा फूट उंच अशी लांकडी चौकट करावयाची. तळ उघडा, वर व बाजूंना मऊ जाळें. तिची एक कड काठीवर टेंकून उभी करावयाची व काठीला तीस फूट दोरी बांधावयाची. मांजराला ही चौकट म्हणजे अर्धवट कललेलें छप्पर वाटतें. चारी बाजू मोकळ्या दिसतात. आपण दुरून पाहावयाचें. मांजर शेपटासकट पूर्ण आंत असेल व त्याचें डोकें खालीं खाण्यांत असेल, तेव्हांच दोरी ओढावयाची. अर्धवट आंत असतां ओढली तर चौकटीची कड पाठीवर बसेल. जवळपास पिल्लूं असेल तर मुळींच ओढूं नये. खटका माणूस ओळखत नाहीं. दोरीचें टोंक ज्याच्या हातांत आहे तो पाहून ओढतो. हा या युक्तीचा मोठा गुण आहे. नको तो प्राणी आला तर आपण स्वस्थ बसावें.

माझा एक जुना विद्यार्थी सुतारकाम करतो. त्यानें एका दुपारींत चौकट करून दिली, आणि तिच्या एका बाजूला वर सरकणारी फळीहि बसविली. ती कशासाठीं तें पुढें सांगतों. जागा बदलली, फणसाखालून आम्ही विहिरीच्या काठाजवळ आलों. काकूंनीं परड्यांतून खोकलीचीं दोन झाडें मुळासकट उपटून आणलीं. खोकलीच्या ताज्या मुळाचा वास पुष्कळ मांजरांना भुलवितो. तीं त्यावर अंग घांसतात, लोळतात. सर्वांना भुलवितो असें नाहीं, पण येथें उपयोग झाला. अठराव्या दिवशीं ती आली व मुळाभोंवतीं घुटमळून गेली. एकोणिसाव्या व विसाव्या दिवशीं चौकटीखालीं बसून तिनें मासा खाल्ला. दोन्हीं दिवस दोरी माझ्या हातांत होती, आणि मीं ती ओढली नाहीं. पशुवैद्यांनीं बाविसाव्या दिवसाची सकाळ दिली होती. शिवाय पाहिल्या दिवशीं मांजराचे मागचे पाय पळण्याच्या तयारींत असतात. तिसऱ्या दिवशीं तें पाय दुमडून बसतें. आळींतल्या मुलांना माझें हें बसून राहणें पटलें नाहीं. "गुरुजी, आतां!" म्हणून तीं कुजबुजत.

एकविसाव्या दिवशीं साडेसहाला वाटी वाजविली. सात वाजतां भाटी चौकटीखालीं पाय दुमडून बसली, खालीं मान घातली, आणि मीं दोरी ओढली.

यापुढचें अर्धें मिनिट फार महत्त्वाचें. मांजर जाळ्यावर उड्या घेतें. त्या वेळीं ओरडूं नये, हात घालूं नये. चौकट दाबून धरावी व जाड चादर वरून टाकून सर्व झांकावें. अंधार झाला कीं मांजर स्तब्ध होतें. करडीहि झाली. मग त्या सरकत्या फळीला रिकाम्या पिंजऱ्याचें उघडें तोंड भिडवावें. चौकट झांकलेलीच असूं द्यावी आणि पिंजरा उघडा ठेवावा. फळी वर करतांच मांजर अंधारांतून उजेडाकडे, म्हणजे पिंजऱ्यांत, धांव घेतें. दार लावून लगेच पिंजराहि झांकावा. या सर्व प्रकारांत मांजराला हात लावण्याचा प्रसंग एकदांहि येत नाहीं, आणि येऊं देऊं नये. तरीहि कोणाला चावलें किंवा ओरबाडलें, तर जखम वाहत्या पाण्याखालीं साबणानें पंधरा मिनिटें धुवावी व त्याच दिवशीं दवाखान्यांत जाऊन श्वानदंशाची व धनुर्वाताची लस विचारावी. श्वानदंशाचा रोग मांजरापासूनहि होतो, आणि एकदां लक्षणें दिसूं लागलीं म्हणजे त्यावर उपाय उरत नाहीं. हळद, चुना, तिखट असलें कांहीं जखमेला लावूं नये.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं झांकलेला पिंजरा पशुवैद्यांकडे गेला. तपासतां ती पुन्हां नुकतीच गाभण राहिल्याचें त्यांनीं सांगितलें. आणखी दोन महिन्यांनीं, पडलेल्या वखारीच्या ढिगाऱ्यांत, भर उन्हाळ्यांत, तीं पिल्लें जन्मलीं असतीं. शस्त्रक्रिया झाली, लस टोंचली, डाव्या कानाचें टोंक कापलें. गुंगी पूर्ण उतरेपर्यंत मांजराला अन्न देऊं नये व ऊब द्यावी, आणि वैद्य सांगेल तितके दिवस तें बंदिस्त जागीं ठेवावें. आम्हीं तिला माझ्या न्हाणीघरांत पांच दिवस ठेवलें. मोठ्या पिंजऱ्यांत, अर्धा भाग झांकून. त्या पांच दिवसांत ती माझ्याकडे पाहून एकदांहि प्रेमानें म्यांव म्हणाली नाहीं. तशी अपेक्षाहि नव्हती.

दरम्यान शिमगा झाला आणि वखार पडली. मांजर त्याच्याच जागीं सोडावें असा नियम. पण जागाच गेली तर? अशा वेळीं त्याच्या फिरण्याच्या टापूंतच, जुन्या जागेच्या नजरेच्या टप्प्यांत, नवा आडोसा द्यावा व वाटीची वेळ चालूं ठेवावी. विहिरीजवळ, काकूंच्या परड्याच्या कोपऱ्यांत, माशांचें जुनें खोकें धुऊन उलटें ठेवलें, आंत सुकें गवत भरलें, वर कौल घातलें. सहाव्या दिवशीं सकाळीं पिंजऱ्याचें दार तेथें उघडलें. ती बाणासारखी निघाली व कुंपणापलीकडे दिसेनाशी झाली. तीन दिवस तिचा पत्ता नव्हता. चौथ्या दिवशीं साडेसहाला वाटी वाजविली, तेव्हां कुंपणावर एक कान आखूड असलेलें करडें डोकें वर आलें.

श्रोतेहो, हें काम एका भाटीनें संपत नाहीं. आळींत आणखी दोन बोके आहेत. त्यांचीहि पाळी येईल. बोक्यांची शस्त्रक्रिया झाली म्हणजे त्यांचीं भांडणें, रात्रीचें ओरडणें व भिंतींवर मुतणें पुष्कळ कमी होतें. भाटी राहिली तर मात्र दुरून नवा बोका येतो, म्हणून आधीं भाट्या धराव्या असा माझा सल्ला आहे. आपल्या गांवीं हें काम हातीं घेतलें तर तीन गोष्टी आधीं ठरवाव्या: शस्त्रक्रियेचा दिवस, शस्त्रक्रियेनंतर मांजर ठेवण्याची जागा, आणि रोज वाटी वाजविणारें एक माणूस. या तिन्हींची सोय झाल्यावांचून पिंजरा आणूं नये. आणि शेजाऱ्यांना बरोबर घ्यावें. ज्या गृहस्थानें माशांत कांहीं कालवण्याची गोष्ट काढली होती, ते आतां मी गांवाला गेलों म्हणजे साडेसहाची वाटी वाजवितात. आपण तिचे मित्र झालों असें ते म्हणत नाहींत. नुकसान होऊं नये म्हणून करतों, असें म्हणतात. माझें त्याला कांहीं म्हणणें नाहीं. वाटी वेळेवर वाजते, तेवढें पुरें आहे.

माझी वेळ संपली.